मोरीच्या पाण्यावर अंब्रेला पाम: ओळख आणि लागवड, नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

मी पहिला ठोंब घरी आणला तेव्हा शेजारचे काका त्यांच्या वाफ्यात कांद्याच्या रोपाला पाणी देत होते. माझ्या हातातली पिशवी बघून त्यांनी बारं तिथंच सोडलं आणि कुंपणापाशी आले. "ताई, लव्हाळा कुणी पैसे देऊन आणतं का?" नाशिकजवळच्या मखमलाबादकडच्या शेतकऱ्याला ही काळजी वाटणं अगदी साहजिक आहे. ज्याचं आयुष्य खुरप्याने लव्हाळा काढण्यात गेलं, त्याला तीनधारी दांडा लांबूनही कळतो.

काकांनी ओळखलं होतं ते कूळ, आणि ते बरोबरच होतं. नर्सरीत ज्याला अंब्रेला पाम म्हणतात, त्याचा पामशी काही संबंध नाही. ते लव्हाळ्याच्याच कुळातलं, सायपरस या प्रजातीतलं झाड आहे. शास्त्रीय नाव सायपरस इन्व्होल्युक्रॅटस. बऱ्याच ठिकाणी सायपरस आल्टर्निफोलियस असंही लिहिलेलं दिसेल. मूळचं आफ्रिका-मादागास्करकडचं. एकदा लावलं की वर्षानुवर्षं टिकतं, पाय कायम ओले असले तरी सडत नाही, आणि घरातलं जे पाणी आपण रोज गटारात सोडतो त्यावर उत्तम वाढतं. ज्यांच्या अंगणात न्हाणीमागे किंवा पाण्याच्या टाकीखाली कायम ओल असते आणि तिथे काहीच जगत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

आधी बोटांनी ओळखा

लावण्याआधी ओळखायला शिका. ही पायरी गाळू नका, कारण पुढची निम्मी चूक इथेच टळते.

दांडा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून हळू फिरवा. गवताची काडी गोल फिरते. लव्हाळ्याच्या कुळातला दांडा अडखळत फिरतो, कारण त्याला तीन कडा असतात. अंब्रेला पामच्या बाबतीत मात्र हे वरच्या टोकाजवळ करून बघा, टोकाला छत्रीसारख्या पसरलेल्या काड्यांच्या चार बोटं खाली. बुडाशी त्याचा दांडा जवळजवळ गोल असतो आणि तिथे हात लावून बघणारा फसतो.

मग दांड्यावर पेरं शोधा. गवताला पेरं असतात, म्हणजे उसाला दिसतात तशा गाठी. लव्हाळ्याच्या दांड्याला बुडापासून शेंड्यापर्यंत एकही पेर नसतं. ब्लेडने आडवा काप घ्या. गव्हाची काडी आतून पोकळ निघते. इथे पांढरा, थर्मोकोलसारखा मऊ गर भरलेला दिसतो. चिमटीत दाबला तर पाणी सुटतं. या गरात हवेच्या बारीक पोकळ्या असतात. त्यांतून हवा खाली मुळांपर्यंत पोचते, म्हणून चिखलात उभं राहूनही हे झाड गुदमरत नाही.

पानांची ठेवणही बघा. गवताची पानं दोन रांगांत येतात, लव्हाळ्याची तीन रांगांत. पानाचा जो भाग दांड्याला वेढतो, म्हणजे म्यान, तो गवतात बहुतेक वेळा एका बाजूने उघडा असतो, तर लव्हाळ्यात नळीसारखा बंद. अंब्रेला पामला मात्र नेहमीसारखी पानं जवळजवळ नसतातच. बुडाशी नुसती तपकिरी म्यानं राहतात. आपण ज्याला पानं समजतो त्या छत्रीच्या काड्या म्हणजे फुलोऱ्याखालची पानं. एका दांड्यावर डझन-दीड डझन, कधी वीसच्याही वर, सगळी एकाच टोकातून चहूबाजूंना पसरलेली.

तीन कडांचा नियम शंभर टक्के चालतो असं मात्र समजू नका. या कुळात साडेपाच हजारांच्या आसपास जाती आहेत आणि पाण्यात वाढणाऱ्या काहींचे दांडे चक्क गोल असतात. म्हणून एका खुणेवर निर्णय घेऊ नका. कडा, पेरं आणि म्यान या तिन्ही एकत्र बघा.

कशाशी गोंधळ होतो

सगळ्यात महत्त्वाचा फरक शेतातल्या लव्हाळ्याशी, म्हणजे सायपरस रोटंडसशी. तो वीतभर ते हातभर उंच असतो, टोकाला दोन-चारच पानं आणि लालसर तपकिरी तुरा. खरी ओळख जमिनीखाली. खुरपं खोल घालून एक लव्हाळा अलगद उपटा, बारीक दोऱ्यासारख्या मुळकांडावर काळपट गाठी माळेसारख्या ओवलेल्या दिसतील. एक गाठ फोडून वास घ्या, दिवाळीच्या उटण्याची आठवण होईल. उटण्यात नागरमोथा म्हणून जो घालतात तो बऱ्याचदा याच गाठींचा. वरून उपटलं तरी खालच्या गाठी पुन्हा फुटतात, म्हणून शेतकरी त्याला घाबरतो.

अंब्रेला पामला अशा गाठींची माळ नसते. त्याचं मुळकांड आखूड, जाड आणि लाकडासारखं टणक. तो जागच्या जागी ठोंब वाढवतो, गवती चहासारखा. काकांना मी ठोंब उलटा करून मुळं दाखवली. त्यांनी स्वतः बोटांनी माती झटकून गाठी शोधल्या, सापडल्या नाहीत, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

पाणकणीस, ज्याला काही जण रामबाण म्हणतात, ते लांबूनच कळतं: तलवारीसारखी चपटी पानं आणि उदबत्तीच्या जुडग्यासारखं तपकिरी कणीस. ते वेगळ्याच कुळातलं. पपायरस मात्र अंब्रेला पामचाच भाऊ. इजिप्तमध्ये ज्याचा कागद करायचे तो. नर्सरीत कधीकधी एकाच नावाखाली दोन्ही विकतात. पपायरसच्या टोकाला पट्टीसारख्या काड्या नसतात, हिरव्या केसांचा झुपकाच असतो, आणि तो माणसाच्या उंचीच्या वर सहज जातो. छोट्या अंगणात तो आवरत नाही.

पाणकणीस आणि लव्हाळ्याच्या जाती एकाच ठिकाणी बघायच्या तर हिवाळ्यात निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला जा. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं हे पाणथळ, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालं. सगळे पक्षी बघायला जातात. तुम्ही दुर्बीण खाली करून काठही बघा. पाणकणीस कुठे उभं आहे आणि लव्हाळ्याच्या जाती किती पाण्यात आहेत हे बघितलंत, तर कोणत्या रोपाला किती ओल लागते ते न सांगता कळेल. अभयारण्य आहे, तिथलं काहीही उपटायचं नाही.

रोप घेताना

नर्सरीत उंच आणि भरगच्च ठोंबाला भुलू नका. बुडाशी बघा. जमिनीतून नवे टोकदार कोंब वर येत असतील तर रोप जोमात आहे. छत्रीच्या टोकांना थोडी तपकिरी झाक असली तर चालते, उन्हाळ्यात ती यायचीच. पण काड्यांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण, म्हणजे द्राक्षवाले ज्याला मिलीबग म्हणतात तो. असं रोप घरी आणू नका. खरं तर विकत घेण्याचीही गरज नाही. ओळखीत कुणाकडे हे झाड असेल तर एक छत्री मागून घ्या; तेवढ्यावर काम भागतं, कसं ते पुढे सांगते.

जागा आणि वेळ

सकाळचं चार-पाच तास ऊन मिळेल अशी जागा सर्वांत चांगली. पूर्ण उन्हातही चालतं, पण मग एप्रिल-मे मध्ये पाणी एक दिवसही चुकता कामा नये. नाशिकचा उन्हाळा कोरडा असतो, पारा चाळिशीला टेकला की वाऱ्यानेच टोकं करपतात. अगदी सावलीत दांडे लांबट होऊन लोळतात.

लागवडीला मृगाचा पाऊस सुरू झाला की श्रावण संपेपर्यंतचा काळ उत्तम. थंडीत लावू नका. आपल्याकडची थंडी, अगदी निफाडकडची कडक थंडीसुद्धा, वाढलेल्या ठोंबाला सहसा मारत नाही, पण वाढ थांबते आणि नवं रोप महिनोन् महिने जसंच्या तसं राहतं.

सुरुवात टबापासून करा

पहिलं वर्ष टबातच लावा, असं माझं स्पष्ट मत आहे. झाडाचा स्वभाव कळतो आणि चूक झाली तर ती टबापुरती राहते.

बुडाला भोक नसलेला दीड फूट रुंद, फूटभर खोल टब किंवा जुनं घमेलं घ्या. त्यात मावेल अशी, बुडाला भोक असलेली दहा-बारा इंची कुंडी. कुंडीत दोन भाग काळी माती आणि एक भाग वाळू. शेणखत मूठभरच, तेही पूर्ण कुजलेलं. जास्त झालं तर पाणी हिरवं होतं आणि वास मारतं. कोकोपीट घालू नका, पाणी भरलं की ते तरंगून वर येतं.

ठोंब पूर्वी होता तेवढाच खोल लावा. कोंबांचं टोक मातीच्या वर राहिलं पाहिजे. वरून इंचभर बारीक खडी पसरा, म्हणजे पाणी ओतताना माती ढवळत नाही. आता कुंडी टबात ठेवून टबात निम्म्या उंचीपर्यंत पाणी भरा. सुरुवातीचे पंधरा दिवस एवढंच. नवे कोंब दिसू लागले की पाणी मातीच्या पातळीपर्यंत वाढवा. वाढलेला ठोंब मातीवर चार बोटं पाणी उभं राहिलं तरी सहज सहन करतो.

टबातल्या उभ्या पाण्यात डास होणार. पावसाळ्यात डेंग्यूचं नाव निघालं की सगळे कुंड्यांकडेच बोट दाखवतात, आणि ते चूक नाही. एकतर टबात दोन-चार गप्पी मासे सोडा, नाहीतर टबातली मोकळी जागा खडीने भरून टाका आणि पाणी खडीच्या खाली राहील एवढंच ठेवा. मासे सोडणार नसाल आणि खडीही नको असेल, तर आठवड्यातून एकदा टब पूर्ण रिकामा करून घासा. यातलं एक तरी करायचंच, नाहीतर हे झाड लावू नका.

मोरीच्या पाण्याचा वाफा

मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ लावायची रीत आपल्याकडे जुनी आहे. अंब्रेला पामचा वाफा ही त्याच रीतीची पुढची पायरी: आधी पाणी या वाफ्यातून जाऊ द्यायचं, मग केळीला आणि कर्दळीला सोडायचं. न्हाणीचं आणि कपडे धुतल्याचं पाणी यासाठी चालतं. स्वयंपाकघरातलं तेलकट पाणी खडीत चिकटून बसतं, ते वेगळं काढा. संडासाचं पाणी इथे कधीही आणू नका.

चौघांच्या घराला माझ्या अनुभवाने सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दीड फूट खोल खड्डा बरा पडतो. तळाला पाणी शिरण्याच्या बाजूकडून बाहेर पडण्याच्या बाजूकडे थोडासा उतार द्या. मग अस्तर. विटा-सिमेंटचं केलं तर उत्तम. नाहीतर शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद. ज्यांनी शेततळं केलंय त्यांच्याकडे त्याचे उरलेले तुकडे गोठ्यात गुंडाळून ठेवलेले असतातच. कागदाखाली बारीक वाळू किंवा जुनी पोती अंथरा, मुरमाचा टोकदार खडा कागद फाडतो. कागदाच्या कडा जमिनीच्या वर वीतभर काढून मातीने दाबा.

अस्तर वाचवायचा मोह कुणालाही होतो. मलाही झाला होता. आमच्याकडे विहिरीच्या पाटाच्या कडेला मी चार ठोंब थेट जमिनीत लावले होते. दोन पावसाळे सुरेख दिसले. तिसऱ्या वर्षी पाटाचं पाणी उलटं फिरून अंगणात आलं. खणायला गेलो तर मुळकांडांची चटई झाली होती, कुदळ वरून उडत होती. शेवटी पहारीने तुकडे करून काढावं लागलं. पाटाच्या खालच्या अंगाला, वीस-पंचवीस फुटांवर, नवी रोपंही आली होती. तेव्हापासून मी हे झाड भिंतीशिवाय लावत नाही आणि कुणाला लावू देत नाही.

खड्ड्यात पाणी शिरतं त्या तोंडाशी आणि बाहेर पडतं तिथे फूटभर जागेत मुठीएवढे दगड भरा. मधल्या भागात खाली तीन-चार इंच मोठी खडी आणि वर अर्धा इंची खडी. माती घालायची नाही, ती खडीच्या फटी बुजवते. बाहेर जाणाऱ्या नळीचं तोंड खडीच्या पृष्ठभागापेक्षा दोन इंच खाली ठेवा. या दोन इंचांत सगळी युक्ती आहे: पाणी खडीच्या आतूनच वाहतं, वर दिसत नाही, म्हणून डासही होत नाहीत आणि वासही फारसा येत नाही. पाणी येणाऱ्या नळीच्या तोंडाला जाळी लावा आणि आठवड्याला ती झाडून घ्या, केस आणि धागे तिथे अडकतात.

रोपं सव्वा ते दीड फुटावर लावा, मुळं ओल्या खडीत पोचतील अशी. पहिले तीन-चार आठवडे साधं पाणी द्या, मग साबणाचं पाणी थोडं थोडं वळवा. गाळ खडीत बसतो, मुळांभोवती आणि खडीवर वाढणारे सूक्ष्मजीव पाण्यातली घाण कुजवतात, आणि त्यातून सुटलेलं अन्न झाड घेतं. बाहेर येणारं पाणी बागेला चालतं. ते पिण्याचं नाही, भांड्यांचं नाही, आणि मी ते पालेभाजीलाही घालत नाही.

एका छत्रीतून चार रोपं

हे मुलांना बरोबर घेऊन करा.

पूर्ण उमललेली, हिरवीगार छत्री निवडा. तिच्याखाली चार-पाच सेंटिमीटर दांडा ठेवून कापा. छत्रीच्या काड्या कात्रीने निम्म्या छाटा. आता पसरट भांड्यात पाणी घेऊन छत्री उलटी ठेवा, दांडा वर आणि काड्यांचा जोड पाण्यात. विचित्र वाटतं, पण झाड स्वतः हेच करतं. दांडा जुना झाला की वाकतो, छत्री पाण्याला टेकते आणि तिथेच मुळं धरते.

भांडं सावलीत ठेवा, दोन-तीन दिवसांनी पाणी बदला. पावसाळ्याच्या दमट हवेत दहा ते पंधरा दिवसांत काड्यांच्या बेचक्यात बघा: तांदळाच्या कणीएवढे पांढरे ठिपके दिसतील. चार दिवसांत ते दोरे होतात, आणि तीन-चार आठवड्यांत त्याच बेचक्यातून हिरवी सुई वर येते. कोंब बोटाएवढे झाले की जोडापासून मुळांसकट वेगळे करून चिखलात लावा. डिसेंबर-जानेवारीत हेच केलं तर बहुतेक वेळा छत्री पिवळी पडून सडते, तेव्हा घाई करू नका.

वर्षभर काय करायचं

फार काही नाही. पिवळा पडलेला दांडा बुडापासून कापा, अर्धवट कापलेला दांडा पुन्हा वाढत नाही. टबातल्या झाडाला पावसाळ्यात महिन्यातून एकदा पातळ केलेलं शेणपाणी किंवा गांडूळखताचं पाणी. मोरीच्या वाफ्याला खत लागतच नाही. उन्हाळ्यात छत्र्या निस्तेज होऊन त्यांवर बारीक ठिपके आणि जाळी दिसली तर ती कोळी नावाची बारीक कीड. संध्याकाळी पाण्याचा जोरदार फवारा खालून वर मारा, तीन-चार दिवस ओळीने. मांजर पाळत असाल तर तिला या काड्या चावायला आवडतात, नवं रोप तिच्यापासून लांब ठेवा.

दर दोन वर्षांनी, पावसाच्या तोंडाशी, ठोंब फोडा. मध्यभागी जुनं, पोकळ झालेलं मुळकांड असतं ते टाकून द्या. कडेचे, तीन-चार कोंब असलेले तुकडे पुन्हा लावा.

नाल्यात काही जाऊ देऊ नका

गोदावरीतल्या पाणवेली नाशिककरांना वेगळ्या सांगायला नकोत. त्याही बाहेरून आलेल्या आणि दिसायला देखण्याच होत्या. अंब्रेला पाम ऑस्ट्रेलियात ओढ्यांच्या काठाने माजून तण ठरलं आहे. आपल्याकडे नासर्डी असो, वाघाडी असो, शहरातला प्रत्येक नाला गोदावरीला मिळतो आणि गोदावरी पुढे नांदूर मध्यमेश्वरला जाते. आत्ताच बघितलंत, कापलेली एक छत्री पाण्यात उलटी पडली की काय करते.

म्हणून छत्रीच्या मधोमध हिरवट फुलोरा येतो तो तपकिरी होण्याआधीच कापा, नाहीतर बी पडतं. छाटलेले दांडे नाल्यात, गटारात, मोकळ्या प्लॉटवर टाकू नका. गच्चीवर पत्र्यावर कडकडीत वाळवा, हातात चुरले गेले पाहिजेत, मग खताच्या खड्ड्यात घाला. पुराचं पाणी जिथपर्यंत येतं त्या जमिनीवर हे झाड अजिबात नको. तिथे बांध धरून ठेवायला काही हवंच असेल तर वाळा लावा. तो आपल्या मातीतला आहे, मुळं सरळ खोल नेतो आणि उन्हाळ्यात माठातही घालता येतो.

कुणी रोप मागितलं तर मी आधी त्यांच्या अंगणात जाऊन पाणी कुठे जातं ते बघते. मागच्या आषाढात काकांनीच मागितलं, त्यांच्या हौदाच्या सांडव्यासाठी. त्यांना दोन कोंबांचा तुकडा दिला, सिमेंटच्या जुन्या गव्हाणीत लावून, बुडाचं भोक बुजवून.